कुंदाचे नदीकाठचे कोठार

कुंदा गेल्याचा तिच्या लेकीचा, सईचा फोन आला, तेव्हा पोलादपुरात आमच्या घरामागच्या खाचरांतून पिकल्या भाताचा उबदार वास येत होता. मी विचारले ते एवढेच, "हसली होती का गं?" सई म्हणाली, "काल संध्याकाळी हसली, मावशी. खेळात पूर आला होता..."

महाडच्या बाजारपेठेत कुंदाचे कापडाचे दुकान. आमची ओळख शाळेतली, पण मैत्री मुरली पन्नाशीनंतर. सईने शिकायला जाताना मागे ठेवलेल्या संगणकावरच्या, राज्य वसवण्याच्या एका खेळामुळे. दर रविवारी दुकानावरच्या तिच्या खोलीत आम्ही आळीपाळीने खेळायचो. एकीचा डाव चालू असताना दुसरीने भिंतीकडे तोंड करून बसायचे, हा नियम. कोऱ्या कापडाच्या खळीचा वास, तिच्या बांगड्यांची किणकिण, आणि मग तिचे ते दबके हसू... ते कानी आले की मी ओळखायचे, बाईने धान्याचे कोठार पुन्हा नदीकाठी बांधले.

पूर येई, कोठार वाहून जाई. "अगं, वर डोंगरावर बांध की," मी म्हणे.

"आणि बाजार कुठं भरवू, तुझ्या घाटात? नदी सोडून गाव वसवतंय का कोण गो?" उमरठचे माहेर तिच्या जिभेवरून कधी उतरले नाही. खऱ्या पावसाळ्यातही पाणी चढू लागले की तागे माळ्यावर नेणारी आणि ओसरताच दुकान उघडणारी ती. डोंगर तिला कसा पटावा?

गेल्या वर्षी आजाराने तिला अंथरुणाला खिळवले. ती पुन्हा तशी हसावी, एवढ्याच हट्टाने मी खेळाचा नवा भाग आणला. दिसायला तो देखणा होता. पाण्यावरून ढगांच्या सावल्या सरकत, शेते वाऱ्याने कलत. कुंदा जिंकत गेली आणि तिचा चेहरा विझत गेला. नदीकाठी कोठार ठेवू पाहिले की जागा लाल होई, आणि पडद्यावरचा सल्लागार अदबीने उंचवटा दाखवी.

"ह्यो मला बुडूच देत नाय," माउस बाजूला सारत ती म्हणाली. "मग राज्य माझं का त्याचं?"

जुन्या भागात शहाणपण आम्ही भिजून कमावले होते. नव्यात ते आधीच ताटात वाढलेले, आणि म्हणूनच अळणी.

"जुना लाव गो," ती म्हणाली. मी लावला. नदी फुगली, कोठार गेले, आणि कुंदा खोकला लागेपर्यंत हसली. उरलेले महिने आम्ही असे बुडत बुडत काढले, फार सुखाने.

परवा सईने त्या खोलीत बोलावले. पडद्यावर तिच्या आईचे राज्य होते. पूर ओसरलेला, काठ गाळाने माखलेला.

"मावशी, कोठार आता कुठे बांधू? सांग ना."

उत्तर ओठांवर आले होते. ते तसेच गिळून मी खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि खालच्या दुकानात जाऊन बसले.