सोलरच्या पाटीवरचं नाव

"पाटीवर पोरीचं नाव तर लई ठसठशीत घातलंय, उजेड कुठाय?" आत्याबाई म्हणाल्या, आणि पीठ मळता मळता माझा हात थांबला. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. लग्नाला सहा महिने झाले होते आणि माझ्या वडिलांनी, आबांनी, रुखवतात दिलेला सोलरचा संच मंदावला होता.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. निरवांगीची आमची वस्ती गावापासून लांब, रानात. तिथवर विजेचे खांब आलेले नव्हते. माझं माहेर वडगाव निंबाळकर. लग्नात सगळे म्हणत होते, पोरीला लोखंडी कपाट द्या. आबा म्हणाले, "अंधारात कपाट काय चाटायचंय व्हय?" आणि बारामतीच्या दुकानातून छपरावर लावायची पाटी, एक बॅटरी आणि दिव्याच्या दोन नळ्या घेऊन आले.

आता संध्याकाळी जेमतेम अर्धा तास उजेड पडायचा. कपाट नाही म्हणून मांडवातच नाक मुरडलेल्या आत्याबाईंना आयतं निमित्त मिळालं. "चार दिसांनी पाव्हणं दिवाळसणाला न्यायला येत्याल," त्या म्हणाल्या, "तवा त्येंचं त्येंला देऊन टाकू."

 आबांना मी ओळखत होते. त्यांनी चारचौघांत मान खाली घालून ती पाटी उतरवली असती, घरी जाऊन दुभती म्हैस विकली असती आणि नवा संच आणून दिला असता. त्या एका म्हशीवर माझ्या धाकट्या बहिणींचं दूध होतं. आबा यायच्या आत दिवा लागायलाच हवा होता.

आमचे हे सायकलवर बॅटरी बांधून इंदापूरला गेले. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चार्ज करणाऱ्यानं मीटर लावून सांगितलं, "बॅटरी ठणठणीत हाय. वरची पाटीच करंट देईना."

मी ट्रंकेतून गॅरंटी कार्ड काढलं. सगळं इंग्रजीत. माझी अकरावी झालेली. डिक्शनरी मांडीवर घेऊन अख्खी दुपार त्या कागदाशी झटले. नळ्यांना गॅरंटी नाही, बॅटरीला एक वर्ष, पाटीला दहा वर्षं! मी उडायचीच बाकी होते. मग खाली मुंगीएवढ्या अक्षरांतली ओळ लागली: पाटीवरचा नंबर खोडलेला असेल तर गॅरंटी रद्द.

शिडी लावून वर चढले, पाटीच्या मागं वाकून बघितलं. नंबराची चकचकीत पट्टी होती, आणि तिच्यावर ठिपक्याठिपक्यांनी टोचून घातलेलं माझं नाव. आईनं लग्नाआधी हंडे-कळश्या नाव घालायला दिल्या, त्यांच्याबरोबर पाटीही दिली होती. नाव घालणाऱ्या शहाण्यानं नेमकी तीच सपाट जागा निवडली. नंबराचा चेंदामेंदा झाला होता. आईचा इतका राग आला, की ती समोर असती तर भांडले असते. आणि तिनं किती हौसेनं घातलं असेल ते आठवून रडूही आलं.

यांना काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पाटी वाकळेत गुंडाळून आम्ही बारामतीची एस.टी. धरली. अख्खा रस्ता मी खिडकीबाहेर बघत होते.

दुकानदारानं पाटी उलटी केली आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "नंबर कुणी खोडला?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "म्या. चूक झाली माजी."

म्हणजे पाटी उतरवताना यांनी बघितलं होतं! माझ्या माहेराला बोल लागू नये म्हणून सरळ खोटं बोलले. इतकं बरं वाटलं, आणि तितकाच संतापही आला.

"खोटं हाय ते," मी म्हणाले. "आमच्या आईनं नाव घातलंय. भांड्यावर घालत्यात तसं."

"मग बाई, या कार्डात आता भजी बांधा," दुकानदार म्हणाला आणि पाटी आमच्याकडं सरकवली. "कार्डावरचा नंबर पाटीवर दिसल्याशिवाय कंपनी मला दारात उभं करत नाही."

ती उचलताना माझा हात काचेवरून फिरला आणि मला आठवलं. आबांनी सांगितल्याप्रमाणं रोज सकाळी ओल्या फडक्यानं ती काच मीच पुसायची. खालच्या कडेला, काचेच्या आत, बोटाएवढी कागदाची चिठ्ठी होती. मी सणावाराला तिच्यावरच्या काचेला हळदकुंकू लावायची, पुसताना तेवढं सोडायची, म्हणून ते तिथंच वाळलं होतं. पदर थुंकीनं ओला केला, घासलं. आकडे!

"वाचा कार्ड," मी यांना म्हणाले. ते एकेक आकडा वाचत गेले, मी काचेवर बोट ठेवत गेले. शेवटचा आकडा आत धरलेल्या ओलीनं पुसट झाला होता. तीन की आठ? दुकानदारानं पाटी उचलून उन्हात तिरकी धरली. 

"आठ," तो म्हणाला. "कार्डावर काय हाय?"

"आठ."

त्यानं जुनी पाटी ठेवून घेतली, कंपनीला पाठवायची म्हणून. माझं नाव तिच्याबरोबर गेलं. नवी घेऊन आम्ही परतलो. आत्याबाईंना झालेलं सगळं सांगितलं, आणि दुसऱ्या रात्री जेवणं उजेडात झाली.

दोन दिवसांनी आबा आले. चहाच्या आधीच शिडी लावून वर चढले, पाटीला हात लावला, मागं वाकले. "तुजी आय तर म्हनत हुती नाव घातलंय. कुठाय?"

 त्यांनी छपरावर पडलेला खिळा आणि दगड उचलला. "थांब, आत्ता घालतो."

"आबा, हात लावू नका!" मी किंचाळले. जन्मात त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता. त्यांचा हात तसाच राहिला. "का गं?"

आत्याबाई गोठ्यातून बाहेर आल्या होत्या. आता जुन्या पाटीबद्दल त्यांनी एक वाक्य बोलायचा अवकाश होता. मी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"पाव्हणं, नाव नगा घालू," त्या पदराला हात पुसत म्हणाल्या. "कुणी दिलंय ते आमच्या ध्यानात हाय."

आबा खाली उतरले. मी चहा टाकायला आत गेले, तर निम्मी साखर चुलीपुढं सांडली. त्यानंतर आत्याबाईंशी माझी भांडणं झालीच नाहीत, असं मी म्हणणार नाही. पण कपाटाचा विषय त्या घरात पुन्हा कधी निघाला नाही.