धनजला मुलगी पाहायला गेलो आणि डवरा धरला

श्रावणात कोणी मुलगी पाहायला जात नाही. तरीही आम्ही गेलो, कारण धनजच्या गणपतराव पाटलांचे कार्ड आले होते. त्यात लिहिले होते, "उघाड पडताच निघावे. मुहूर्त पाहू नये. मुलगा अंगाने धड असावा."

मामांनी ते कार्ड तीनदा वाचून घेतले. "किती आतुर मानूस हाय पाह्य!" ते म्हणाले.

मला धास्ती होती. दोन ठिकाणांहून नकार आले होते आणि वडिलांनी स्पष्ट सांगितले होते की यंदा जमले नाही तर धाकट्याचे आधी उरकू. धाकट्याचे आधी झाले की लोक थोरल्यात खोट शोधतात. माझ्यात शोधायला त्यांना फार वेळ लागला नसता.

आमच्या किन्हीराजाहून धनजपर्यंत पायी दोन दिवस लागतात. बैलगाडी मिळाली नाही, कारण उघाड पडली की गावातला प्रत्येक बैल पिकातले तण काढणाऱ्या डवऱ्याला जुंपलेला असतो. हा प्रवास पावसाळ्यात करणाऱ्यांनी जोडे काठीला बांधून खांद्यावर घ्यावेत. काळी माती तळव्याला थरावर थर चिकटते आणि शेलूबाजार येईपर्यंत माणूस वीतभर उंच होतो. दर शंभर पावलांनी काडीने पाय खरवडावेत. मी दर पन्नास पावलांनी खरवडले, म्हणून कारंज्याला पोचायला दिवस मावळला. तिथे मामांच्या ओळखीच्या रहीमभाईंनी दुकानाच्या ओट्यावर जागा दिली, चहा दिला आणि सहा आण्यांना मला एक टोपीही विकली.

"बारिश के दिनों में लडकी?" ते मामांना म्हणाले. "अरे, या दिवसांत लोक बैल पाह्यतात, पोरी नाई पाह्यत."

मामा हसले. मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही धनजला पोचलो. गणपतराव घरी नव्हते, वावरात होते. मामा म्हणाले, तिथेच जाऊ. वावराच्या बांधावर, म्हणजे धुऱ्यावर, पाय ठेवताच गणपतरावांनी आधी माझे दंड पाहिले आणि मग रामराम घातला.

"आले काय? बरं झालं. माहा सालदार गडी पळाला. डवऱ्याजोगा वापसा उद्यापरेंत टिकते का नाई, सांगता येत नाई. पऱ्हाटीत केन्याचं तण गुडघ्याले लागून राह्यलं. पोरगी पाहू मंग, पयले डवरा धरा."

कपाशीच्या ओळींत एका बैलजोडीला दोन डवरे बांधले होते. एक गणपतरावांचा. दुसरा रिकामा.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या घरी मला डवरा धरू देत नाहीत. पण मामांनी या लोकांना आधीच कळवले होते की आमच्या पोराच्या डवऱ्याखाली आजवर एक झाड मेले नाही. ते अक्षरशः खरे होते.

मी नवी टोपी नीट केली आणि डवरा धरला. आमच्या मागे पाच-सहा बाया खुरपी घेऊन तण निंदत येत होत्या. त्यांत ती मुलगी आहे असे मामांनी मला कानात सांगितले आणि स्वतः बाभळीखाली जाऊन बसले. मागे पाहणे शक्यच नव्हते. मान वळली की डवरा वळतो आणि त्याचे पाते, म्हणजे पास, थेट कपाशीच्या मुळावर जाते.

पाहण्याचा कार्यक्रम तासातासाने, म्हणजे कपाशीच्या ओळीओळीने, चालू झाला.

"उन्हाळ्यात वखराच्या पाळ्या किती देता?" गणपतरावांनी विचारले.

"तीन," मी म्हणालो.

"कुंदा दिसला तर?"

"खणून काढतो. मुळी राहिली तर पुन्हा..."

तेवढ्यात माझ्या पासेखाली एक रोप कापले गेले. मी "हो, हो" म्हणून बैल थांबवले. जोडी एकच असल्याने गणपतरावही थांबले. मी खाली बसलो, बोटाने खड्डा केला, रोप पुन्हा लावले आणि भोवती माती दाबली.

"काय करून राह्यले?" त्यांनी विचारले.

"लावले."

"मुळी कापली, बापा! ते जगते काय? चाला."

पुढच्या दोन ओळींत मी सात वेळा थांबलो. बैल माझ्याकडे वळून पाहू लागले. गणपतराव म्हणाले, "एकेका झाडाचं श्राद्ध घालान तर माहं वावर दिवाळीले होईन!"

सातव्या वेळी मागून एक आवाज आला, "बाबा, थांबा जरासं. ह्यायनं केना लावला अन् पऱ्हाटी फेकून देली."

सगळ्या बाया खुरपी टाकून हसल्या. मी मातीकडे पाहत राहिलो. हीच ती, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

दिवस उतरल्यावर धुऱ्यावर भाकरी सोडल्या. ठेचा आणि अंबाडीची भाजी होती, फार चांगली. ती बायांमध्ये पाठमोरी बसली होती. गणपतराव मामांना म्हणाले, "राग मानू नका. पोरगा वावराच्या कामाचा नाई."

मला माझ्या धाकट्या भावाची वरात दिसू लागली.

मग बायांत कुजबूज झाली आणि एका म्हातारीने मोठ्याने विचारले, "पोरगी इचारते, झाड कापलं की दरखेपी थांबता काय?"

"हो," मी म्हणालो.

"ते जगत नाई, हे मालूम हाय?"

"हो."

"मंग काहून थांबता?"

मी खूप विचार केला. "पुढे जाववत नाही," असे सांगितले.

पुन्हा कुजबूज झाली. या वेळी हसण्याचा आवाज आला नाही. म्हातारी गणपतरावांना म्हणाली, "पोरगी हो म्हनते. पन डवरा ह्यायच्या हातात देऊ नका म्हनते. डवरा मी धरीन, ह्यायनं निंदाले बसावं."

"बाई मानूस डवरा धरते काय?" गणपतराव ओरडले.

"सालदार पळाला तवापासून कोनं धरला, बाबा?" ती पाठमोरीच म्हणाली.

गणपतरावांनी उरलेली भाकरी माझ्या पानात ठेवली.

परतीच्या वाटेवर पाऊस लागला. मी पाय एकदाही खरवडले नाहीत, आणि मामांनी ते दोनदा बोलून दाखवले.

घरी आईने विचारले, "गोरी हाय का सावळी?" मला सांगता आले नाही. आवाज स्वच्छ आहे, एवढे सांगितले. मग मी वडिलांना सगळे सांगितले, डवऱ्याची अटही. त्यांनी सुपारी कातरायला घेतली.

"तिच्या डवऱ्याचे तास सरळ येतात काय?" त्यांनी विचारले.

"माहीत नाही," मी म्हणालो. "मी तिच्या पुढे होतो."

"आता मागं राह्य," वडील म्हणाले, आणि आईला त्यांनी गूळ आणायला सांगितला.