खरकट्याची गाडी

रुपेर्तो लामोतला स्वतःच्या गाडीची किळस यायची. अकरा वर्षं तो ती रोज चालवत होता आणि अकरा वर्षं रोज सकाळी तिचं दार उघडताना त्याच्या घशाशी आंबट यायचं. गाडी एकावन्न सालची, अमेरिकन. त्याच्या बापाने तिच्यातून नवऱ्या मुली मिरवल्या होत्या. तिच्या चकचकीत पट्ट्या तो अर्ध्या लिंबाने घासायचा. साखर कारखाना बंद पडला, रुपेर्तोचं लेथवरचं काम गेलं, तेव्हा त्याने तिचा मागचा भाग करवतीने कापला, फळ्या ठोकून हौदा केला, आणि सांतियागोच्या इस्पितळातलं खरकटं टेकडीवरच्या डुकरांना पोचवायला लागला.

चढावर पिंपं हिंदकळायची. आंबलेला भात, काळ्या घेवड्याचं पाणी, कुणा रोग्याने अर्धं चावून टाकलेलं केळं, सगळं फळ्यांत मुरायचं. परदेशी पाहुणे वळणावर गाडी थांबवून फोटो काढायचे. वारा फिरला की कॅमेरा खाली यायचा. त्यांचं हसू नाकापासून वाकडं होत जाताना पाहिलं की रुपेर्तोला त्यांचीही शिसारी यायची आणि स्वतःचीही.

सासू, दोन्या ओतिलिया, जन्मभर लोकांचे सदरे इस्त्री करून जगलेली. पांढऱ्या कापडावर तिचा देवापेक्षा जास्त विश्वास. जावयाने अंगणातल्या नळावर तीनदा कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय ती त्याला ताट वाढू देत नसे. "जावई चांगला आहे," ती शेजारणींना सांगायची, "पण लांबून." आणि मुलीला, म्हणजे रुपेर्तोच्या बायकोला, नेरेइदाला, तिने बजावून ठेवलं होतं, "मेल्यावर मला खांद्यावर न्या, नाहीतर ढकलगाडीवर न्या. त्या घाणीत घालू नका." नेरेइदाने आईच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी पहाटे म्हातारी गेली. दहा वाजता शववाहिनी आली, करड्या कापडाने मढवलेली पेटी तिने दारात उतरवली आणि कोपऱ्यावर जाऊन ती बंद पडली. चालकाने बॉनेट उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि म्हणाला, "सोमवारी."

सोमवारी म्हणजे काय, हे सगळ्यांना कळत होतं. वस्तीत गुरुवारपासून वीज नव्हती, बर्फ नव्हता. दफनभूमी खाली, चार किलोमीटरवर, आणि तिचं फाटक पाचला बंद व्हायचं. ढकलगाडी वस्तीत एकही धड उरली नव्हती. खांदा द्यावा अशी तरणी पोरं देश सोडून गेली होती. उरलेल्यांच्या खांद्यांना स्वतःचं डोकंही जड झालेलं.

दोन वाजता शेजारचा सुतार बासिलियो खोलीतून बाहेर आला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "गड्या," तो रुपेर्तोला म्हणाला, "म्हातारीला आता थांबवत नाही."

नेरेइदाने आत कॉफीची पूड जाळली होती, अत्तर शिंपडलं होतं. त्या दोन्हींच्या खालून तिसरा वास वर येत होता, गोडसर, धीट. ती उंबऱ्यात आली. तिची नजर गाडीवर गेली.

"वास जाईल तिचा?"

"नाही," रुपेर्तो म्हणाला.

"खरं सांगू नकोस रे. घास."

त्याने घासलं. चुना टाकला, राख टाकली, नारिंगं पिळली. तारेच्या घासणीने फटी खरवडल्या तेव्हा पांढऱ्या अळ्या वळवळत वर आल्या. तो हौद्याच्या कडेला वाकून ओकला, तोंड पुसलं आणि पुन्हा घासू लागला. नेरेइदाने काळा घागरा कमरेला खोचला. मोरीच्या फळीवरून तिने शाम्पूची हिरवी बाटली आणली आणि सगळीच्या सगळी फळ्यांवर उपडी केली. हिरव्या सफरचंदाचा वास अंगणभर पसरला. कित्येक महिन्यांत वस्तीत कुणी शाम्पूने डोकं धुतलं नव्हतं. ती गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी चोळत होती आणि म्हणत होती, "फेस येत नाही मेल्याला, पण वास चांगला आहे."

चार वाजता पेटी चढवली. ती फळ्यांवरून लोण्यासारखी सरकली. रुपेर्तो चाकामागे बसला, सवयीने ब्रेकचं पेडल दाबलं. पेडल खळकन तळाला गेलं.

ब्रेकचं तेल विकत मिळेनासं झाल्याला कैक वर्षं झाली होती. वस्तीतले सगळेच चालक शाम्पूत एरंडेल आणि मद्यार्क मिसळून ते घरी बनवत. रुपेर्तोच्या गाडीला गळती होती, ती रोज पेलाभर प्यायची. तो मोरीच्या फळीवर ठेवलेलं तेल आणायला गेला. बाटली धुऊन, पालथी घालून, वाळत ठेवलेली होती.

तो परत आला. "नेरे, ती हिरवी बाटली."

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. हात अजून चिकट होते. "तरीच फेस येत नव्हता," ती हळू म्हणाली.

बासिलियोने दोर आणला. मागच्या दांड्याला बांधला. म्हातारे सहाजण मागे उभे राहिले.

"लोक मेलेल्याला पुढे नेतात," एकजण म्हणाला, "आपण मागे ओढतोय."

"ओढ. हसायचं नंतर," बासिलियो म्हणाला.

पहिल्या गिअरमध्ये गाडी उतार उतरू लागली. आरशात रुपेर्तोला वाकलेली माणसं दिसत होती, टाचा रोवलेली, दोर तळव्यांत रुतलेला. ऊन फळ्यांवर पडलं आणि फळ्यांनी अकरा वर्षांचं पोटातलं बाहेर काढलं: आंबलेला घेवडा, नारिंग, सफरचंद, आणि पेटीतून जे येत होतं ते. माणसं तोंडं वळवत होती, पण दोर सोडला तर संपलं, म्हणून नाक धरायला कुणाचाच हात मोकळा नव्हता. एकजण ओकला, ओकतानाही त्याने दोर सोडला नाही. आणि त्यांच्यामध्ये, वास सर्वांत दाट होता तिथे, गाडीच्या अगदी पाठीशी, नेरेइदा दोर धरून चालत होती.

वळणावर पेटी घसरली आणि रुपेर्तोच्या पाठीमागच्या पत्र्यावर धडकली. थोड्या वेळाने पुन्हा.

"उतरवा म्हणतेय," मागून कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही.

पाचला दहा मिनिटं होती तेव्हा ते फाटकाशी पोचले. गाडी भिंतीला टेकवून थांबवली. माती पडली, पाद्री नव्हता, नेरेइदानेच चार शब्द म्हटले.

परतीला चढ होता, चढाला ब्रेक लागत नाही. म्हातारे हौद्यात निसरड्या फळ्यांवर आडवे झाले. नेरेइदा रुपेर्तोशेजारी येऊन बसली. गाडी कापली गेल्यापासून ती पहिल्यांदाच आत बसत होती. तिने काच खाली करायचा प्रयत्न केला. हँडल तुटलेलं होतं.

"आईला वास आला असेल का रे?"

"नाकात कापूस होता."

तिने ओठ घट्ट मिटले. मग तळवे उघडून बघितले. दोराने कातडी सोलली होती.

टेकडीच्या माथ्याजवळ इंजिनाचा आवाज ओळखून डुकरं किंचाळू लागली. त्यांची वेळ झाली होती. ती कुंपणाशी एकमेकांवर चढली, ओली तोंडं फळ्यांतून बाहेर काढून. रुपेर्तोने गाडी थांबवली नाही. नेरेइदा मान वळवून, ती दिसेनाशी होईपर्यंत, त्या तोंडांकडे बघत राहिली.

"उद्या किती वाजता निघतोस?" तिने विचारलं.

"सहाला. पण ब्रेकला तेल नाही."

"बासिलियोच्या बहिणीकडे शाम्पू आहे थोडा," ती म्हणाली. "मी मागते."