चटणीचा डबा

शेजारचे काका साधा स्टीलचा पेलासुद्धा कडेला दोन बोटांत धरतात. साताऱ्याला रिटायर होऊन आले तेव्हा मला तो शिष्टपणा वाटला होता. पुढं कळलं, सूर्यासारखी ऊर्जा तयार करू पाहणाऱ्या भट्टीच्या भिंतीसाठी टंगस्टनचे तुकडे घासूनपुसून द्यायची त्यांची नोकरी होती, तीही हातमोजे घालून.

"धातू चोख असला की भट्टीतला हायड्रोजन भिंतीत आला तसा बराचसा निघून जातो गड्या," ते सांगायचे. "पण परका कण असला की हायड्रोजन तितंच अडकून बसतो. नुसतं उघडं बोट लागलं तरी तुकडा बाद."

घरीही तेच. काकूंनी चटणीच्या हातानं डबा धरला की काका खांद्यावरचं फडकं घेऊन मागं. "आवं, डबा हाय ह्यो, तुमची भट्टी न्हाई," काकू करवादायच्या. मला काकूंचंच पटायचं.

काकू उन्हाळ्यात गेल्या. परवा काकांकडं जेवायला बसलो होतो. त्यांनी फळीवरून चटणीचा डबा काढला, तळाला आणि झाकणाच्या कडेला धरून, अगदी जपून. डब्याच्या पोटावर काकूंच्या बोटांचे लाल तेलकट ठसे तसेच वाळून गेले होते. मी डबा घ्यायला हात पुढं केला, तसा काकांनी तो झटकन मागं ओढला.

"तितं नगं धरू रं."

मग त्यांनीच मला चटणी वाढली आणि डबा होता तसा फळीवर ठेवला. फडकं नेहमीसारखं त्यांच्या खांद्यावर होतं.