जुन्या बसचे बिनतिकिटाचे प्रवासी

जुन्या बसचे फोटो काढायला जाणं हा छंद तसा निरुपद्रवी, असं माझी बायकोही म्हणते. पण फोटोंबरोबर किस्सेही गोळा होतात. फोटो डिलीट करता येतात, किस्से नाही!

आमचा ग्रुप छोटासा. मी, रिटायर्ड सावंतसाहेब आणि शाळेत शिकवणारी स्नेहल. वर्षातून एका रविवारी काही हौशी मंडळी दोन जुन्या गाड्या रस्त्यावर काढतात. एक लाल डबलडेकर आणि एक बसक्या नाकाची साधी बस. साधी बस चालवतात डोंगरीचे पीटरमामा. आम्ही कॅमेरे घेऊन मागे मागे.

*

एकदा डबलडेकर आमच्या पूनम सागर सोसायटीत फोटोसाठी उभी केली होती. आमच्या गल्लीतली कुत्री कुठल्याही गाडीखाली झोपतात. त्या दिवशी एकही जवळ जाईना. सगळी मागच्या दारासमोर एकामागे एक, ओळीत बसली. भुंकणं नाही, काही नाही. नजर दाराच्या पायरीवर.

समोरच्या गुजराती भाभी बाल्कनीतून ओरडल्या, "अरे भाई, उन लोगों को उतरने दो पहले, फिर ये चढ़ेंगे ना!"

गाडी रिकामी होती. मी आत जाऊन बघून आलो होतो.

*

पीटरमामांच्या बसला समोर ती जुनी, हाताने फिरवायची, गावांच्या नावांची पाटी आहे. मामांनी ती काशीगावहून निघताना 'डोंगरी'वर लावली. पहिल्या सिग्नलला बघतो तर पाटीवर 'परत डेपो'! मामांनी उतरून फिरवली. पुढच्या सिग्नलला पुन्हा 'परत डेपो'!

"मामा, खटका ढिला झालाय का?"

"खटका बरा हाय," मामा म्हणाले. "तिला जायचं न्हाय आज."

आम्ही हसलो. वळणावर ब्रेक गेले. मामांनी कशीबशी गाडी मातीच्या ढिगात घातली म्हणून वाचलो. तेव्हापासून मामा निघण्याआधी पाटी वाचतात!

*

सावंतसाहेबांना शुगर. वहिनी सोबत असल्या की वडापाव बंद. म्हणून एका वर्षी ते गुपचूप डबलडेकरच्या वर जाऊन बसले. नेमका मी खालून फोटो काढला. वरच्या खिडकीत साहेब, तोंडात वडापाव!

वहिनींना फोटो दाखवला. त्या अशा भडकल्या की विचारू नका. साहेब मात्र स्क्रीनकडे बघतच राहिले. बोटांनी फोटो मोठा केला, पुन्हा लहान केला.

"अहो, मी खिडकीत नव्हतो," ते हळूच म्हणाले. "खिडकीत एक गृहस्थ बसले होते. मी आतल्या बाजूला. अर्धा वडा त्यांनाच दिला!"

फोटोत साहेब एकटेच, खिडकीला चिकटून. वडा मात्र अर्धाच होता.

*

काशीगावजवळ एका म्हातारीने हात दाखवला. मामांनी बस थांबवली. आजी चढल्या, पदर सावरून बसल्या. "मिठागर आलं की सांगा हां."

स्नेहल म्हणाली, "आजी, तिथे आता टॉवर झालेत."

"मग मी उतरू कुठे?" असं म्हणून आजी रडायलाच लागल्या.

तेवढ्यात मागून स्कूटरवर त्यांचा मुलगा आला. घामाघूम. बसमध्ये चढला आणि आईचे पाय चाचपून बघू लागला. "आई अंथरुणाला खिळलीय हो! कूस बदलायलाही आम्ही लागतो. ही आली कशी?"

आजी डोळे पुसत म्हणाल्या, "आवाज आला ना गाडीचा!"

घरी मात्र त्यांना उचलून न्यावं लागलं.

*

स्नेहलचे बाबा बस ड्रायव्हर होते. डोंगरीला वळणावरच त्यांचं घर. शेवटच्या फेरीला वळणावर आले की भोंगा वाजवायचे. दोनदा छोटा, एकदा लांब. म्हणजे काकूंनी, स्नेहलच्या आईने, चहा टाकायचा. ते गेल्यापासून काकूंनी चहा सोडला. बोलणंही जवळजवळ सोडलं.

परवाच्या रविवारी आम्ही काकूंच्या अंगणात कॅमेरे लावून बसलो होतो. पीटरमामांची बस वळणावर आली. पों, पों, पोंऽऽ!

स्नेहलने कॅमेरा खाली केला. आत स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला.

बस थांबली. मामा उतरून आमच्याकडे आले. स्नेहल पुढे झाली. "मामा, बाबांचा भोंगा तुम्हाला कोणी शिकवला?"

"कसला भोंगा? रबर फाटला, म्हणून काढून घरी ठेवलाय. या गाडीला आज भोंगाच न्हाय!"

तेवढ्यात काकू कपबशी घेऊन बाहेर आल्या. आमच्याकडे बघितलंही नाही. सरळ बसपाशी गेल्या, ड्रायव्हरच्या सीटजवळ कप ठेवला. "किती उशीर," एवढंच म्हणाल्या आणि घरात गेल्या.

आम्ही चौघे अंगणात तसेच उभे. बसकडे जायचं कोणाचंच धाडस होईना. शेवटी स्नेहलच गेली. कप घेऊन आली. कप रिकामा, अजून गरम.

"मामा, तुम्ही..."

"मी हितंच उभा हाय ना तुमच्यासंगं!"

आतून काकूंची हाक आली. कितीतरी दिवसांनी, अगदी खणखणीत.

"स्नेहल, साखर पुरली का, विचारलंस?"