डॉक्टरांनी न सांगितलेले बहात्तर तास

"वन-वे आहे तो. चंदीगडमध्ये राहतोस ना? मग वन-वेत गाडी घातली की चलान कटतं, एवढं कळत नाही?"

डॉक्टर हे मराठीत बोलले. मग शेजारी उभ्या असलेल्या दोन शिकाऊ डॉक्टरांनाही मजा यावी म्हणून हिंदीत पुन्हा बोलले. ते दोघे हसले. पडद्याशी उभी नर्स हसली. पडदा अर्धा उघडा होता, त्यामुळे बाहेर बाकावर बसलेल्यांनाही बहुतेक विनोद कळला.

मी टेबलावर एका कुशीवर होतो. पँट गुडघ्यापर्यंत. तोंड भिंतीकडे. भिंतीवर डॉक्टरांचे सत्काराचे फोटो होते. एकात त्यांच्या खांद्यावर शाल होती आणि देणाऱ्याचे फक्त हात दिसत होते. माणूस आडवा पडलेला असला की त्याला भिंत वाचावी लागते. मी ती वाचली.

मला रक्त येत होतं. दुखत होतं. बसता येत नव्हतं. एवढ्यासाठी मी आलो होतो.

या डॉक्टरांकडेच का आलो, ते सांगतो. चंदीगडमध्ये मराठी माणसं मोजकी. बँकेत, केंद्र सरकारच्या कचेरीत बदलीवर आलेली, नाहीतर माझ्यासारखी मोहालीत आयटीत. नवीन माणूस आला की पहिल्याच आठवड्यात त्याला तीन गोष्टी सांगतात. भाजणी कुठे मिळते, मंडळाची वर्गणी कुणाकडे द्यायची, आणि आजारी पडलास तर आपले डॉक्टर. आपले म्हणजे मराठी. मोठे सर्जन, स्वतःची कोठी, म्हणजे इकडचा बंगला, खाली दवाखाना, वर घर, आणि मंडळाचे अध्यक्ष. रांगेत बसायला लागत नाही. शिवाय दुखणं मायबोलीत सांगता येतं. एरवी मी असल्या भावनिक गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. पण दुखणं त्या जागेचं होतं, आणि त्या जागेसाठी माझ्याकडे हिंदी शब्द नव्हता. मराठीही धड नव्हता, हे टेबलावर पडल्यावर कळलं.

डॉक्टरांनी आधी गाव विचारलं. सोलापूरकडचा. मग आडनाव. आडनाव ऐकल्यावर 'तुम्ही'चं 'तू' झालं. तो भाग मला नवा नव्हता.

मी खरं सांगितलं. शनिवारी संध्याकाळी मित्राबरोबर होतो. कंडोम वापरला होता. तो फाटला. आम्हाला उशिरा कळलं. तेव्हापासून रक्त येतंय.

"मित्र," डॉक्टर म्हणाले. शब्द चिमट्यात धरून ट्रेमध्ये ठेवावा तसा ठेवला. मग तो वन-वेचा विनोद.

मी कपडे नीट केले. त्यांनी मलम लिहून दिलं. गरम पाण्यात बसायला सांगितलं. भरपूर पाणी पी, कोंड्याची पोळी खा. मी विचारलं, "कंडोम फाटला होता. त्यासाठी काही करायला हवं का?"

"करायला हवं ना. लग्न कर."

पुन्हा हसले सगळे. मी बाहेर आलो. बाकावरच्या एका सरदारजींनी मला बसायला जागा करून दिली. मी म्हटलं, नको जी, उभाच बरा.

हा सोमवार होता. सकाळचं धुकं अजून उठलं नव्हतं. शहराला लागून असलेल्या झिरकपूरमधल्या माझ्या फ्लॅटवर परत येईपर्यंत मी टॅक्सीत एका बाजूला कलून बसलो आणि ठरवलं, की हे कुणालाही सांगायचं नाही. अपमानाची हीच खुबी असते. ज्याने केला तो चारचौघांत सांगतो, ज्याचा झाला तो झाकून ठेवतो.

सांगावं लागलं ते गुरीला. गुरी म्हणजे तो मित्र. पतियाळ्याचा. आमची ओळख दिवाळीतली. तो फोनवर म्हणाला, "मलम दे दी? बस मलम? ओए, वो जो फटने के बाद गोली होती है, उसका कुछ नहीं बोला?"

"कौन सी गोली?"

"मुझे नाम नहीं पता यार. पर होती है. और टाइम से खानी पड़ती है."

मी इंजिनियर. पुस्तकं वाचणारा. जगातल्या कुठल्याही विषयावर मत असलेला. आणि मला हे माहीत नव्हतं. शोधलं तेव्हा कळलं. एचआयव्हीचा संसर्ग होण्याची शक्यता असेल, तर तो रोखणारी औषधं असतात. ती जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं, पण बहात्तर तासांच्या आत. त्यानंतर ती देत नाहीत, कारण उपयोग राहत नाही. शनिवार संध्याकाळ ते मंगळवार संध्याकाळ. त्यातली सोमवारची सकाळ मी सत्काराचे फोटो बघण्यात घालवली होती.

डॉक्टरांना हे माहीत नसेल असं मी मानत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसाला हातात सुई घुसली तर काय करायचं हे पाठ असतं. तीच औषधं असतात. त्यांना माहीत होतं, फक्त मी त्या माहितीच्या लायकीचा नव्हतो.

गुरी त्याच दुपारी ऑफिस सोडून आला. आम्ही सरकारी रुग्णालयात गेलो. तिथे रांग होती, रांगेत धक्काबुक्की होती, आणि टेबलामागे सर्दी झालेली एक डॉक्टर बाई होती. तिने मान वर न करता विचारलं, "कब हुआ? अंदर लेने वाले आप थे? खून आया?" मी हो म्हटलं. ती लिहीत राहिली. तिच्या चेहऱ्यावर करुणा नव्हती, किळस नव्हती, आश्चर्य तर अजिबात नव्हतं. होता तो फक्त कंटाळा. त्या कंटाळ्यासाठी मी तिला जन्मभर विसरणार नाही. इतका मान मला आपल्या माणसाने दिला नव्हता.

तिने तपासणीसाठी रक्त घेतलं आणि पहिली गोळी तिथेच दिली. रोज ठरलेल्या वेळी, जवळजवळ महिनाभर, एकही न चुकवता. गुरीलाही तपासणी करायला सांगितली. त्याची चांगली आली तरी माझ्या गोळ्या थांबणार नाहीत, हेही सांगितलं, कारण नुकताच झालेला संसर्ग लगेच दिसतोच असं नाही. एचआयव्हीबरोबर गरमी, परमा अशा गुप्तरोगांच्या आणि काविळीच्या तपासण्याही करायला सांगितल्या. मग विचारलं, "साथ में क्या लगाया था?"

"नारियल का तेल," मी म्हटलं.

पहिल्यांदा तिने मान वर केली. "लेटेक्स के साथ तेल? वो तो फटेगा ही."

ते तेल आईने पाठवलेलं. निळी बाटली. आमच्याकडे खोबरेल तेल सगळ्याला चालतं. डोक्याला, टाचांना, भाजल्याला, कुरकुरणाऱ्या बिजागरीला. चंदीगडच्या जानेवारीत ते दगड होतं, म्हणून त्या संध्याकाळी बाटली हीटरसमोर ठेवली होती. खरं तर त्याआधी मी खालच्या औषधाच्या दुकानात गेलो होतो. पाण्याचं जेल मागितलं. दुकानदाराने भर गिऱ्हाइकात विचारलं, "किसके लिए जी? मैडम के लिए?" मी सर्दीची गोळी घेऊन वर आलो. दुकानात लाज, म्हणून घरचं तेल. तेलाने कंडोम गेला. कंडोम गेला म्हणून दवाखाना, दवाखान्यात विनोद. सगळं एकाच दोरीला बांधलेलं होतं आणि दोरीचं दुसरं टोक कुणीतरी हसत धरलं होतं.

डॉक्टर बाईने मग जे सांगितलं त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. त्या जागेची कातडी पातळ असते. ओलावा ती स्वतः तयार करत नाही, म्हणून चिरते, आणि चिरलेल्या जागेतून रोग आत जायला सोपा रस्ता मिळतो. म्हणून कंडोम लागतोच, आणि त्याच्याबरोबर पाण्याचं किंवा सिलिकॉनचं जेल, भरपूर. तेल, व्हॅसलीन, क्रीम नाही. घाई नाही. बधिर करणारं मलम लावायचं नाही, कारण दुखणं हीच धोक्याची खूण असते. दुखलं की थांबायचं. तिथून शरीराच्या दुसऱ्या जागी जायचं तर कंडोम बदलायचा. आतून पिचकारीने धुण्याचा उद्योग करायचा नाही, त्यानेही आतली कातडी दुखावते. रक्त थांबत नसेल, ताप आला, पोटात जोरात दुखलं, तर लाज घरी ठेवून थेट इमर्जन्सीत. आणि आधीच घेता येतील अशी औषधंही असतात, लशीही असतात. "अगली बार पहले पूछना," ती म्हणाली आणि नाक पुसून पुढचं नाव पुकारलं.

पाच मिनिटं. माझ्या अख्ख्या शिक्षणात ती कुणाकडेही नव्हती.

गोष्ट इथे संपली असती. पण संक्रांत आली.

मंडळाचा तिळगुळाचा कार्यक्रम एका सेक्टरच्या कम्युनिटी सेंटरमध्ये असतो. काळ्या साड्या, हळदीकुंकू, आणि मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देणारी मुलं. मी जाणार नव्हतो. गोळ्यांनी मळमळत होतं, तिळाचा वासही नको झाला होता. पण न जाणं म्हणजे डॉक्टरांना हॉल देऊन टाकणं. गेलो.

अध्यक्षांचं व्याख्यान होतं, थंडीतले आरोग्य. च्यवनप्राश, गुडघे, हृदय. मग ते खुलले. "आता एक उदाहरण देतो. नाव सांगणार नाही, वैद्यकीय नीतिमत्ता असते. आपल्याच मंडळातला, आयटीतला, सोलापूरकडचा. नको त्या दारी गेला आणि रक्तबंबाळ होऊन माझ्या दारी आला." हॉलमध्ये खसखस पिकली. "शिक्षण आहे, पगार आहे. संस्कार नाहीत."

मंडळात सोलापूरकडचे आम्ही दोघेच. दुसरे काका निवृत्त, दोन्ही गुडघे बदललेले. लोकांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग घाईने माझ्याकडे. काकांच्या चेहऱ्यावर असा धक्का मी पूर्वी पाहिला नव्हता.

माझ्या हातात तिळाची वडी होती. ती बशीत ठेवली. मी उभा राहिलो.

"तो मुलगा मी," मी म्हटलं. "डॉक्टरांनी अर्धंच सांगितलं. उरलेलं मी सांगतो."

"अरे, इथे बायका-मुलं आहेत," डॉक्टर म्हणाले.

"मुलं बाहेर पतंग उडवतायत, डॉक्टर. बायका आहेत म्हणूनच सांगतोय. हे नवराबायकोतही होतं. पोट राहायची भीती नाही म्हणून कंडोम वापरत नाहीत. रोगाला लग्नपत्रिका दाखवता येत नाही."

"खाली बस."

"नाही बसत. त्या दिवशी बसताच येत नव्हतं, आज बसायचं नाही."

मी सांगितलं. तेल, लेटेक्स, जेल, दुखणं, बहात्तर तास. सरकारी रुग्णालयात ही गोळी मिळते आणि तिथे कुणी लग्नाचा सल्ला देत नाही, हेही सांगितलं. शेवटी म्हटलं, "मी तुम्हाला स्पष्ट विचारलं होतं, डॉक्टर. काही करायला हवं का. तुम्ही विनोद केलात. वेळ निघून गेली असती तर त्या विनोदाची किंमत मी भरली असती, तुम्ही नाही."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका बाईंनी पदर सावरला. कुणीतरी स्पीकरवर सनई लावली. निदान सूर बरा होता. मी चपला घालून बाहेर पडलो.

त्याच रात्री मंडळाच्या ग्रुपवरून मला काढलं. आईपर्यंत बातमी पोहोचली. ती फोनवर एवढंच म्हणाली, "जेवलास का?" पुढचं बोलणं अजून व्हायचं आहे. ते सोपं नसेल.

आणि आठवड्याभराने एक फोन आला. मंडळातल्याच एक काकू, त्यांचे यजमान मोठ्या हुद्द्यावर. आवाज इतका खाली की मला लॅपटॉपचा पंखा बंद करावासा वाटला.

"तू म्हणालास ना, दुखलं की थांबायचं."

"हो, काकू."

"आणि समोरचा थांबत नसेल तर?"

मी लॅपटॉप मिटला आणि म्हटलं, "काकू, नको असेल तर नको म्हणायचं. सुरू झाल्यावरही म्हणायचं. ऐकलं नाही, तर ती जबरदस्ती. लग्न झालेलं असलं तरी. तपासायला हवं असेल तर मी त्या डॉक्टर बाईंकडे घेऊन जातो. नाहीतर एकट्या जा, मी पत्ता पाठवतो."

पलीकडे दाराची घंटा वाजली. "भाजीवाला आला वाटतं," त्या मोठ्याने म्हणाल्या आणि फोन बंद झाला. मी पत्ता पाठवला. निरोप वाचल्याची निळी खूण आली. उत्तर आलं नाही.

तेव्हापासून कुणीही विचारलं तर मी सांगतो. ऑफिसच्या पँट्रीत सांगितलंय, फ्लॅटच्या लिफ्टमध्ये सांगितलंय. औषधाच्या दुकानात आता मी जेल मोठ्याने मागतो. "किसके लिए जी?" "मेरे लिए." दुकानदार ते कागदात गुंडाळायला लागतो. मी म्हणतो, कागद नको.

लोक मला एक प्रश्न मात्र हटकून विचारतात. तपासणीचं काय झालं? रिपोर्ट काय आला?

रिपोर्ट माझ्याजवळ आहे. ज्यांना कळायला हवा त्या दोघांना, गुरीला आणि डॉक्टर बाईला, तो माहीत आहे. इथे मी तो सांगणार नाही. निगेटिव्ह असेल तर तुम्ही सुटलास म्हणून माफ करणार, पॉझिटिव्ह असेल तर बघा, डॉक्टर म्हणत होते तेच खरं, असं म्हणणार. दोन्ही निकाल तुमच्याकडे तयार आहेत. दोन्ही मला मान्य नाहीत. माझ्या बोलण्याचा हक्क माझ्या रक्तात काय सापडलं यावर ठरत नाही. मी बोलणार.