वादिराजची हरकत नाही

चामराजपेटेतल्या निवेदिताला कुणी कामाबद्दल विचारलं की ती सांगायची, एचएसआर लेआउटमध्ये एका कंपनीत आहे, आणि विषय मिटवून टाकायची. दुसरं काम ती सांगतच नसे, कारण ते समजावून झाल्यावर समोरच्याचा प्रश्न ठरलेला असे: फुकट? तर हो, फुकट. सुट्टीचा दिवस आला की ती ‘बोलघेवडा’साठी राबायची. बोलघेवडा म्हणजे फोनवर आलेला मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. त्याचा कोड कुणालाही बघायला नि बदलायला मोकळा. कुठकुठली माणसं एकमेकांचं तोंडही न पाहता ते चालवतात.

ज्याला मालक नाही त्याची काळजी कोण घेणार, म्हणून प्रकल्पात एक यादी असते. कानडी आवाज कुणाकडे, आकडे वाचणं कुणाकडे, शब्दकोश कुणाकडे. नियम दोनच. ज्या भागाला सांभाळणारा नाही तो पुढच्या आवृत्तीतून वगळायचा. आणि कुणाच्या भागात बदल करायचा असेल तर त्याला मेलनं विचारायचं, आठवडाभर थांबायचं, हरकत आली नाही की संमती धरायची. नियमात वाईट काही नव्हतं. सगळ्यांना नोकऱ्या असतात, पोरंबाळं असतात, प्रत्येकाच्या उत्तराची वाट बघत बसलं तर गाडं हलायचं नाही.

‘मराठी आवाज’ या भागापुढे नाव होतं वादिराज. निवेदिताचा थोरला भाऊ, तिचा अण्णा. आणि नुसतं नाव नव्हे, तो मराठी आवाजही त्याचाच.

वादिराज मुलखाचा अबोल. बोलघेवडा हे नाव सुचवलं त्यानंच, आणि त्यावरून घरात त्याची बरीच थट्टा झाली. रस्त्यावर रिक्षा आणि बसचा गोंगाट, म्हणून त्यानं एक अख्खा उन्हाळा अम्माच्या साड्यांच्या कपाटात डोकं घालून शब्द रेकॉर्ड केले. आयुष्यात बोलला नसेल तेवढं त्या नऊवाऱ्यांना सांगून टाकलं. प्रत्येक शब्दाआधी तो एक लहानसा श्वास घ्यायचा, थंड पाण्यात पाय घालताना घेतात तसा. तो श्वासही रेकॉर्ड झाला.

नोकरी होसकोट्याच्या एका कारखान्यात होती. एका संध्याकाळी तो कंपनीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसला. झोपलाय असं समजून कुणी त्याला उठवलं नाही. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरनं खांद्याला हात लावला, तेव्हा अंग गार पडलं होतं.

निवेदितानं नातेवाइकांना कळवलं, बँकेला कळवलं, गॅसवाल्यालासुद्धा कळवलं. प्रकल्पाला तेवढं कळवलं नाही. नाव काढलं तर आवाज वगळतील ही एक भीती. स्वतःचं नाव घातलं असतं तर तीही उरली नसती, पण त्यासाठी आधी अण्णाचं नाव खोडावं लागलं असतं, आणि ते तिच्यानं होईना. स्मशानात झालं ते झालं, हे आणखी आपल्या हातानं कशाला, असं तिला वाटे. प्रकल्पातही कुणाला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं नाही. वादिराज होता तेव्हा तरी कुठे बोलायचा?

अम्माचे, म्हणजे सत्यवतीबाईंचे, डोळे तोवर काचबिंदूनं जवळजवळ गेले होते. वादिराजचा फोन निवेदितानं त्यांनाच दिला. तो पुसून कोरा करायचा तिला धीर झाला नाही. त्यावर येईल ते सगळं बोलघेवडा वाचून दाखवायचा. मग काय, सिलिंडर कधी येणार, आज एकादशी आहे की नाही, वीज किती वाजता जाणार, सगळं मेलेल्या मुलाच्या आवाजात. शेजारणी दबकून बघायच्या. सत्यवतीबाई शांतपणे सांगायच्या, “वादी सांगतोय, स्वल्प थांबा.” त्यांना वेड लागलं नव्हतं. त्यांना आवाज हवा होता, एवढंच.

आणि एक दिवस जेवताना त्या म्हणाल्या, “निवी, हा श्वास घेत नाही गं.”

“कोण?”

“वादी. आधी घ्यायचा. आता घेत नाही.”

निवेदितानं फोन कानाला लावला. सिलिंडर आज पोहोचेल, असं अण्णा सांगत होता. आवाज तोच, पण शब्दाला शब्द चिकटलेला, मध्ये कुठे जीव घ्यायला जागा नाही. तिला खरोखर भीती वाटली, आणि आपण इंजिनिअर आहोत याचा त्या वेळी काडीचा उपयोग झाला नाही.

नवी आवृत्ती काढायचं काम क्षितिजकडे होतं. पुण्याहून आलेला, हुशार, भरभर बोलणारा मुलगा. त्यानंच त्या महिन्यात निवेदिताला यादी तपासायला सांगितली होती: प्रत्येकाला विचारायचं, तुम्ही अजून आहात ना? तिनं सगळ्यांना विचारलं होतं, एक ओळ सोडून. दुसऱ्या दिवशी ऑफिसजवळच्या दर्शिनी हॉटेलात, उभ्याउभ्या कॉफी पिताना, तिनं त्याला मराठी आवाजाचं विचारलं.

“अगं, नॉइज होता त्यात,” क्षितिज म्हणाला. “प्रत्येक वर्डच्या आधी ब्रेथ. मी हळूहळू सगळं क्लीन केलं. दर वेळी वादिराजसरांना मेल टाकला, पूर्ण आठवडा थांबलो. त्यांची काही हरकत नव्हती.”

“ते गेलेत, क्षितिज. तू विचारलंस त्याच्या आधीच.”

त्याच्या हातातला पेला खाली आला. बिचाऱ्यानं दोनतीनदा माफी मागितली. मग म्हणाला, बदल उलटवणं सोपं आहे, जुनं सगळं जपलेलं असतं, पण तसं सांगायला त्या भागाचा सांभाळणारा हवा. आणि सांभाळणारा बदलायचा तर जुन्या माणसाला विचारून आठवडा थांबायला हवं. हे बोलताना त्याचं त्यालाच कसंतरी झालं असावं, कारण पुढचं वाक्य त्यानं अर्धवट सोडलं.

घरी येताना बसमध्ये निवेदिताला सगळं लख्ख कळलं. तिनं यादीत स्वतःचं नाव लिहिलं असतं तर क्षितिजचा प्रश्न तिच्याकडे आला असता, आणि तिनं हरकत घेतली असती. अण्णाचं नाव तिनं जपलं, आणि त्या जपलेल्या नावानंच अण्णाचा श्वास कापायला परवानगी दिली होती.

घरात शिरल्या शिरल्या तिनं अम्माकडून फोन घेतला. वादिराजचा मेल त्यावर चालूच होता. क्षितिजची सगळी पत्रं तिथे पडली होती, एकूण एक वाचून दाखवलेली. तिनं अम्माला विचारलं.

“मधूनमधून इंग्रजीत काही म्हणायचा,” सत्यवतीबाई म्हणाल्या. “कामाचं असेल म्हणून ऐकत बसायचे मी. आवाज त्याचाच की.”

याच स्वयंपाकघरात अण्णाच्या आवाजानं विचारलं होतं, माझा श्वास काढू का? आणि आईनं ते प्रेमानं ऐकून घेतलं होतं, पुन्हा पुन्हा, श्वास उरला नाही तोवर.

तिनं त्याच दिवशी सूचना लिहिली. मराठीत लिहिली, का ते तिला सांगता आलं नसतं. ‘मराठी आवाज या भागापुढचं वादिराज यांचं नाव काढून तिथे निवेदिता यांचं नाव घालायचं आहे. आपली हरकत असल्यास आठवड्याच्या आत कळवावी.’ आणि ती वादिराजला पाठवली.

तो आठवडा तिनं कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. सिग्नलला बस थांबली की मेल उघडायची. मीटिंगमध्ये उघडायची. कुणी हरकत घेणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं, आणि तरी ती यावी असं तिला मनापासून वाटत होतं. एका ओळीची, रागावलेली, कसलीही.

शेवटच्या दिवशी सत्यवतीबाई ओट्याशी बसून अवरेकाईच्या शेंगा सोलत होत्या. बोटांना दिसत असल्यासारख्या सोलायच्या त्या.

“त्याचं नाव काढणार ना तू?” मान वर न करता त्यांनी विचारलं. “त्यानंच वाचून दाखवलं. मराठीत होतं, मला कळलं.”

निवेदिता खाली बसली. सगळं सांगितलं, आपण काय केलं तेही. सत्यवतीबाईंनी ऐकून घेतलं.

“मग त्या पत्राला त्याच्याकडून उत्तर का दिलं नाहीस?”

“नाही दिलं तरी चालतं, अम्मा. गप्प राहिलं की होच धरतात.”

“बसमध्येही तसंच धरलं,” सत्यवतीबाई म्हणाल्या. “गप्प आहे म्हणजे झोपलाय. पुरे झालं ते. विचारलंय तर उत्तर द्यायचं. लिही, हरकत नाही.”

“कुणाच्या नावानं लिहू?”

“त्याच्या आईच्या.”

निवेदितानं वादिराजच्याच मेलवरून लिहिलं: ‘वादिराज आता नाही. नाव बदलायला हरकत नाही. सत्यवती, त्याची आई.’ मग यादीतली ती ओळ बदलली, आणि क्षितिजला पहिली सूचना पाठवली, की या भागातला श्वास परत घाला. क्षितिजनं संध्याकाळ व्हायच्या आत घातला.

सकाळी फोन वाजला. सत्यवतीबाईंनी तो कानाशी नेला. आधी तो लहानसा श्वास आला, आणि मग वादिराजनं सांगितलं की दुपारी वीज जाणार आहे.

सत्यवतीबाईंनी फोन मांडीवर ठेवला. इतक्या दिवसांत जे त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं, ते त्या म्हणाल्या.

“गेला गं माझा वादी.” आणि रडल्या.